काढण्याआधी मोजा

‘पायोरिया झालाय’ हे वाक्य मानवत तालुक्यात निदानासारखे कमी आणि निकालासारखे जास्त बोलले जाते. दात हलू लागतात, ब्रश फिरवला की हिरडीतून रक्त येते, तोंडाला वास सुटतो. मग एकेक दात काढत जायचे आणि पन्नाशीच्या आसपास कवळी बसवून मोकळे व्हायचे, हा क्रम लोकांनी मान्य करून टाकला आहे. ज्या जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखा ज्वारीचा वाण दिला, त्याच जिल्ह्यात पन्नाशीतला माणूस हुरड्याच्या वेळी बाजूला बसून राहतो. दात कशाने गेले, असे त्याला कोणी विचारत नाही. किडले असतील, असे सगळे धरून चालतात. पुष्कळदा काढलेले दात धडधाकट असतात. गेलेली असते ती त्यांच्या भोवतीची हिरडी आणि तिच्या आतले हाड.

या आजाराचे डॉक्टर वेगळे असतात. बीडीएसनंतर हिरड्यांच्या विषयात तीन वर्षांचा एमडीएस अभ्यासक्रम केलेला तज्ज्ञ म्हणजे पेरिओडाँटिस्ट, रुग्णांच्या बोलीत ‘हिरड्यांचे डॉक्टर’. तालुक्याच्या गावात असा तज्ज्ञ पूर्णवेळ बसणे अवघडच. सहसा तो मोठ्या शहरातून ठरलेल्या वारी येतो, स्थानिक दंतवैद्याच्या दवाखान्यात आधीपासून थांबवून ठेवलेले रुग्ण तपासतो, शस्त्रक्रिया करतो आणि परत जातो. ही सोय चांगलीच आहे. मात्र तिच्यामुळे एक समज पक्का होत गेला आहे, की हिरड्यांचा उपचार म्हणजे त्या दिवशीची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रिया ही या उपचाराच्या मधली एक पायरी आहे आणि ती प्रत्येकाला चढावी लागतेच असे नाही. तिच्या आधीचे मोजमाप आणि नंतरची देखभाल वगळली, तर तिच्यावर घातलेला पैसा वर्षा-दोन वर्षांत बुडीत जमा होतो.

हिरडी बिघडते ती दातावर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरामुळे. आज ही शाळकरी माहिती वाटते, पण १९६५पर्यंत ती कोणी माणसांवर प्रयोग करून पुरती सिद्ध केलेली नव्हती. त्या वर्षी डेन्मार्कमधल्या आर्हूस येथे हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्वीसारख्या झाल्या. सुजेपर्यंतचा टप्पा घरच्या ब्रशने परतवता येतो, हे त्यातून कळले.

थर तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात बसून किटण तयार होते. ते ब्रशने निघत नाही. हळूहळू ते हिरडीच्या खाली उतरते, हिरडी दातापासून सुटते, मधे खाच पडते आणि या चाललेल्या जळजळीत दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. बांधावरच्या झाडाच्या मुळाखालून दर पावसाळ्यात थोडी माती निघून जावी, तसे हे वर्षानुवर्षे चालते. झाड वरून हिरवेगार दिसत असते. दुखणे जवळजवळ नसतेच. दाढ ठणकली तर माणूस रात्रीतून डॉक्टर गाठतो. हिरडीतून रक्त आले तर तो ब्रश बदलतो, किंवा घासणेच कमी करतो, म्हणजे नेमके उलटे करतो.

उपचार मुळीच झाले नाहीत तर पुढे काय होते, याचेही उत्तर लो यांनीच शोधले, आणि ते मराठवाड्याने लक्ष देऊन वाचावे असे आहे. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांची त्यांच्या पथकाने १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे तपासणी केली. या मजुरांपर्यंत टूथब्रश पोचला नव्हता, दंतवैद्यही पोचला नव्हता. दात किडलेले जवळपास नव्हतेच, किटण मात्र सगळ्यांच्या दातांवर होते. तरी सगळ्यांचे भोग सारखे निघाले नाहीत. सुमारे आठ टक्के जणांचा आजार झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांच्या तोंडात दात उरले नाहीत. एक्याऐंशी टक्क्यांचा आजार सावकाश सरकला. त्याच वयापर्यंत त्यांचे सरासरी सात दात गेले होते. उरलेल्या अकरा टक्क्यांच्या हिरड्या सुजल्या, पण गोष्ट त्यापुढे गेली नाही.

किटण सारखे, राहणी सारखी, आणि निकाल तीन तऱ्हेचे. म्हणजे आरशात बघून किंवा डॉक्टरांनी नुसते तोंड उघडायला लावून ‘सगळे काढावे लागतील’ असे सांगता येत नाही. कोण आठ टक्क्यांत मोडतो आणि कोण एक्याऐंशीत, ते मोजल्याशिवाय कळत नाही. एक्याऐंशीतल्या माणसाच्या हातात तर पुष्कळ वर्षे असतात. ती वर्षे आपण ‘दात हलायला लागला की बघू’ म्हणत घालवतो.

आपल्याकडे या आजाराचा वेग वाढवणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत. पहिली अर्थातच तंबाखू. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ खाण्याची किंवा लावण्याची तंबाखू वापरत होते. त्यात मशेरीचे प्रकरण आणखी वेगळे. तव्यावर भाजून, चोळून केलेली ही तंबाखू बायका दात ‘घासायला’ म्हणून लावतात आणि तिला व्यसन कोणी म्हणत नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली, पण घरच्या तव्यापर्यंत कोणता कायदा पोचणार? मशेरी किंवा तंबाखूचा बार रोज जिथे धरला जातो तिथली हिरडी आधी पांढरट, जाड होते आणि मग दातावरून खाली सरकते. बिडी ओढणाऱ्याची तऱ्हा निराळी. धुरातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून त्याच्या हिरडीतून रक्त कमी येते. आत हाड झिजत असते आणि धोक्याची एकमेव खूण दडपलेली असते.

गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते हे कोणत्याही फाट्यावरच्या टपरीजवळ उभे राहिले तरी दिसते. गुटख्यातली सुपारी तोंडाच्या आतले अस्तर आखडवते आणि तोंड उघडेनासे होते. दोन बोटेही आत जात नसतील, तर मागच्या दाढांपर्यंत ना डॉक्टरांचे हत्यार पोचते, ना रुग्णाचा ब्रश. तिशीच्या आतल्या अशा तरुणांच्या बाबतीत हिरड्यांचा उपचार हा दुय्यम प्रश्न ठरतो. आधी तोंड उघडायला हवे, आणि कर्करोगाची शंका फिटायला हवी.

दुसरी गोष्ट मधुमेह. साखर वाढलेली असली की हिरडी लवकर बिघडते, आणि बिघडलेल्या हिरडीतली जळजळ साखर आटोक्यात येऊ देत नाही. दोन्ही बाजूंनी रस्ता आहे. हिरड्यांचा नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी हा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसले आहे. एखादी गोळी वाढवून मिळावा एवढा हा फरक आहे. साखरेच्या गोळ्या लिहून देणारे किती डॉक्टर रुग्णाला ‘हिरडीतून रक्त येते का’ एवढे विचारतात? तिसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी अॅम्लोडिपिन आणि फिटांसाठीची फेनिटॉइन या औषधांनी काही जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून पर्याय पाहायचा असतो.

आता मोजमाप. हिरड्यांच्या डॉक्टरांचे खरे हत्यार चाकू नसून मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बोथट, बारीक सळई आहे. ती हिरडी आणि दात यांच्या मधल्या खाचेत अलगद घालतात आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली घेतात. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक. चार-पाच म्हणजे आजार सुरू आहे. सहा आणि त्यापुढे म्हणजे घरच्या ब्रशच्या आवाक्याबाहेरचे प्रकरण. सळई फिरवताना कुठे रक्त आले, कुठला दात किती हलतो, दाढेच्या मुळांच्या मधला फाटा उघडा पडला आहे का, हेही लिहून घेतात. जोडीला एक्स-रे, त्यात हाड किती उरले ते दिसते. अठ्ठावीस दात धरले तर एकशे अडुसष्ट आकडे होतात. सहायकाने ते लिहून घेतले तर पंधरा-वीस मिनिटांचे काम. २०१७च्या जागतिक बैठकीत ठरलेल्या वर्गवारीनुसार या आकड्यांवरून आजाराची पायरी पहिली ते चौथी आणि त्याचा वेग अ, ब, क असा ठरवला जातो.

गर्दीच्या दवाखान्यात ही पंधरा-वीस मिनिटे सगळ्यांत आधी वगळली जातात. या तपासणीचे वेगळे पैसे मागायला डॉक्टरांना संकोच वाटतो, आणि नुसते मोजायचे पैसे द्यायला रुग्णाला जिवावर येते. आमचे मत स्पष्ट आहे. ज्या ठिकाणी हा तक्ता भरून दाखवला गेलेला नाही, तिथे हिरडीच्या कोणत्याही शस्त्रक्रियेला होकार देऊ नये. तक्त्याची प्रत मागावी, फाइलला लावून ठेवावी. तीन महिन्यांनी दुसरा तक्ता होईल तेव्हा पैसे कशाला दिले ते त्या दोन कागदांवरून कळेल.

पहिला उपचार सगळ्यांना एकच: स्केलिंग, लोकांच्या शब्दांत ‘दातांची सफाई’. कंप पावणाऱ्या यंत्राच्या टोकाने आणि पाण्याच्या फवाऱ्याने किटण फोडून काढतात. याविषयी गावोगाव ऐकू येणारी तक्रार अशी, की सफाई केली आणि दात ढिले झाले, फटी पडल्या. फट आधीपासून असते. किटणाने ती भरून काढलेली असते आणि सुजेने झाकलेली असते. किटणाच्या आधाराने उभा असलेला दात ते निघाल्यावर थोडा हलतो, हेही खरे. पण तो आधार म्हणजेच आजार होता. योग्य रीतीने केलेल्या स्केलिंगने दाताचे कवच झिजत नाही. थंड-गरम आठवडाभर झिणझिणते, मग कमी होते. हे सगळे डॉक्टरांनी आधी सांगितले तर लोक नंतर तक्रार करणार नाहीत. नंतर सांगितले की ते कारण वाटते.

खाच चार मिलिमीटरच्या पुढे असेल तर वरवरच्या सफाईने भागत नाही. भूल देऊन, एका वेळी अर्धे किंवा पाव तोंड घेऊन, हिरडीखालच्या मुळावरचे किटण बारीक वाकड्या हत्यारांनी खरवडून मूळ गुळगुळीत करतात. याला रूट प्लेनिंग किंवा ‘डीप क्लीनिंग’ म्हणतात. काम कंटाळवाणे, हाताने करायचे, दोन ते चार बैठकींचे. दिसायला त्यात काहीच नसते, म्हणून त्याची किंमत कोणाला कळत नाही. तरीही मध्यम आजार असलेल्या बहुतेकांचे काम इथेच भागते. सोबत ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने चूळ भरायला सांगतात, तीही साधारण दोन आठवडे. महिनोन्महिने वापरली की दात तपकिरी होतात आणि चव जाते. घासल्या घासल्या लगेच ही चूळ भरू नये. पेस्टमधल्या घटकांनी तिचा असर कमी होतो, म्हणून मधे अर्धा तास जाऊ द्यावा. आणि किटण न काढता नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या किंवा गम पेंट घेऊन काही होत नाही. चार दिवस बरे वाटते, तेच महाग पडते.

यानंतर सहा ते आठ आठवडे थांबून पुन्हा मोजायचे. थांबणे हा उपचाराचाच भाग आहे, कारण सूज उतरल्यावर खाच आपसूक उथळ होते. जिथे पाच-सहा मिलिमीटर उरले आणि रक्त येत राहिले, तेवढ्याच जागी फ्लॅप सर्जरीचा विचार करायचा. पहिल्याच भेटीत, सफाई न करता, ‘पूर्ण तोंडाची फ्लॅप करून टाकू’ असे कोणी म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

फ्लॅपला लोक उगीच घाबरतात. दाढ काढताना देतात तशीच भुलीची सुई. दातांच्या कडेने छेद घेऊन हिरडी पाकळीसारखी बाजूला करतात. आता मूळ आणि हाड डोळ्यांना दिसतात, म्हणून आधी अंदाजाने केलेले काम पाहून करता येते. खराब ऊतक काढतात, राहिलेले किटण साफ करतात, गरज असेल तिथे हाडाचा खड्डा भरतात, हिरडी परत जागेवर बसवून टाके घालतात. कधी वरून गुलाबी लगदा लावतात. तास-दीड तासाचे काम. टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. दोन-तीन दिवस सूज राहते. भाकरी, ठेचा, फरसाण बंद. ताक-भात, गार झालेली मऊ खिचडी चालते. तंबाखू चालत नाही. जखम भरेपर्यंत तरी नाहीच, आणि नंतर पुन्हा सुरू करायची असेल तर शस्त्रक्रिया करून घेण्यातच फारसा अर्थ नाही, हे रुग्णाला तोंडावर सांगणारा डॉक्टर भला समजावा.

फ्लॅपनंतर दात लांब दिसतात. सूज गेली, हिरडी खाली बसली, मूळ थोडे उघडे पडले, म्हणून. समोरच्या दातांत हे डोळ्यांत भरते आणि माणूस नाराज होतो. गेलेले हाड परत येईल का, हा पुढचा प्रश्न. दाताच्या एका बाजूने खोल, अरुंद खड्डा पडला असेल तर तो हाडाची पूड आणि वर पडदा घालून बऱ्यापैकी भरता येतो. सगळ्या दातांभोवतीचे हाड एकसारखे खाली गेले असेल तर ते वर आणण्याचा भरवशाचा उपाय आज नाही. ‘हाड भरून देतो’ असे सरसकट आश्वासन मिळाले तर एक्स-रेवर नेमका कोणता खड्डा ते दाखवायला सांगावे.

या पुडीबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. हाडाची पूड कृत्रिम असू शकते, मानवी दात्याची असू शकते, गाईबैलांच्या हाडापासून केलेली असू शकते. वरचा पडदा कधी डुकराच्या ऊतकापासून केलेला असतो. सगळे प्रकार प्रक्रिया करून निर्धोक केलेले असतात, वैद्यकीय हरकत काही नाही. पण मानवतसारख्या गावात, जिथे माळकरीही आहेत आणि मुसलमानही, तिथे हे न सांगता वापरणे गैर आहे. संमतिपत्रावर तशी ओळ हवी. कृत्रिम पर्याय असतोच. शिवाय रुग्णाचेच थोडे रक्त काढून, यंत्रात दहा-बारा मिनिटे फिरवून मिळणारा फायब्रिनचा गोळाही वापरता येतो. फ्रान्समध्ये २००१च्या सुमारास पुढे आलेली ही पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे.

बाकीच्या शस्त्रक्रिया लहान. औषधाने वाढलेली हिरडी छाटणे. मोडक्या दातावर कॅप बसावी म्हणून हिरडी आणि थोडे हाड खाली घेऊन दात ‘लांब’ करणे. ओठ आणि हिरडी यांच्यामधला घट्ट पडदा सोडवणे. खाली सरकलेल्या हिरडीवर टाळूचा पातळ तुकडा लावणे. यात टाळूची जखमच हिरडीपेक्षा जास्त हुळहुळते. पू साचला तर निचरा करणे. अक्कलदाढेवरची हिरडी सुजली तर ती कापणे, पण दाढच आडवी असेल तर ती काढावी लागते आणि ते काम बहुधा मुखशल्यचिकित्सकाकडे जाते. काळ्या हिरड्या गुलाबी करून देणाऱ्या उपचाराची जाहिरात अलीकडे बरीच दिसते. आपल्या सावळ्या लोकांत हिरडीचा काळसर रंग अगदी निरोगी असतो. हौस असेल त्याने करावे, आजार म्हणून कोणी करू नये. लेसरचेही तसेच. काही कामांत तो सोयीचा आहे, रक्त कमी जाते, पण किटण काढणाऱ्या हाताची जागा त्याने घेतलेली नाही.

आणि तरीही काही दात काढावेच लागतात. उभा-आडवा हलणारा, हाड मुळाच्या टोकापर्यंत गेलेला दात ठेवण्यात शहाणपण नाही. तो शेजाऱ्यालाही नेतो. वरचा दात काढला की नजर जाते, ही भीती मात्र सोडून द्यावी. डोळ्याची दृष्टीची नस आणि दाताची नस या निरनिराळ्या आहेत. दात गेल्यावर पर्याय कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांट. टायटॅनियमचा स्क्रू हाडात पक्का बसतो हे ओळखून स्वीडनमधल्या ब्रॉनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले ते १९६५ साली, लो यांनी विद्यार्थ्यांचे ब्रश काढून घेतले त्याच वर्षी. इम्प्लांट किडत नाही हे खरे. पण त्याच्या भोवतालची हिरडी आणि हाड त्याच जिवाणूंनी त्याच रीतीने झिजते, आणि ज्याने हिरड्यांच्या आजारापायी दात गमावले त्याला हा धोका अधिक. दातांची निगा न सुधारता बसवलेला इम्प्लांट हा महागडा पुनरावृत्तीचा प्रयोग ठरतो. त्याहून वाईट म्हणजे बाजारात रस्त्याच्या कडेला तारेने आणि लाल लगद्याने शेजारच्या दातांना चिकटवून दिलेला ‘फिक्स दात’. त्याच्याखाली ब्रश जात नाही, हिरडी कुजते, आणि एका दातापायी तीन जातात.

शस्त्रक्रियेआधी सांगायच्या गोष्टी रुग्ण हमखास विसरतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगायचे, मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. हृदयाची झडप बदलली असेल तर तासभर आधी अँटिबायोटिक द्यावे लागते. हाडे बळकट करण्यासाठी घेतलेली काही औषधे जबड्याच्या जखमा भरू देत नाहीत, म्हणून गुडघ्या-कंबरेसाठी काय सुरू आहे तेही सांगायचे. गरोदर बाईच्या हिरड्या सुजणे नेहमीचे आहे. सफाई चौथ्या ते सहाव्या महिन्यात निर्धास्त करता येते, आणि ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ म्हणून ती टाळली जाते.

मानवतच्या माणसाने जायचे कुठे? साधी सफाई आणि मोजमाप स्थानिक बीडीएस डॉक्टरांकडे झाले पाहिजे, ते त्यांच्या शिक्षणात येते. त्यापुढे परभणीत खासगी दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या नजरेखाली काम करतात, वेळ लागतो, खर्च बराच कमी लागतो. मानवत रोडवरून गाडीत बसले तर छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या परिसरातले शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे मोजण्याचा तक्ता भरल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढे जाऊ देत नाहीत, हा मोठाच फायदा.

सरकारकडून काय अपेक्षा करायची? २०२३ साली राज्याने सचिन तेंडुलकर यांना घेऊन ‘स्वच्छ मुख अभियान’ सुरू केले. फलक लागले, छान झाले. त्याहून उपयोगी गोष्ट हाताशी आधीच आहे. तिशीच्या वरच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी तपासणी करायची, असा राष्ट्रीय कार्यक्रम गावपातळीवर चालतो. म्हणजे कोणीतरी त्या माणसाचे तोंड उघडून आत पाहतेच आहे. त्याच वेळी हिरडीतून रक्त येते का, दात हलतो का, हे दोन प्रश्न कागदावर वाढवायचे आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला ग्रामीण रुग्णालयातल्या दंतचिकित्सकाकडे धाडायचे. ज्याची साखर वाढलेली निघाली त्याला तर न विचारता धाडायचे. त्यासाठी तिथे दंतचिकित्सकाचे पद भरलेले हवे, स्केलिंगचे यंत्र चालू हवे, आणि त्याची टोके निर्जंतुक करून द्यायची सोय हवी. नवी योजना लागत नाही. मागणी मात्र कोणीतरी नोंदवावी लागेल. हलत्या दातांसाठी आजवर कोणी निवेदन दिलेले ऐकिवात नाही.

राहिली देखभाल. फ्लॅप झालेल्या किंवा खोल खाचा असलेल्या माणसाने दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजून, सफाई करून घ्यायची असते. आपल्याकडे उपचार इथे तुटतो. दवाखान्याने दिलेली तारीख ऐन कापूस वेचणीत येते, मजूर मिळत नाहीत, भाव चढेल म्हणून माणूस जिनिंगच्या दारात गाडी लावून बसलेला असतो, आणि तारीख टळते. पैसेही कापूस विकल्याशिवाय हातात नसतात. तेव्हा तारखा शेतीच्या बेताने द्याव्यात, असे आम्ही इथल्या दंतवैद्यांना सुचवतो. आषाढीच्या आसपास, पेरणी उरकल्यावर. दसऱ्याआधी, वेचणीचा जोर चढण्यापूर्वी. संक्रांतीला, बराचसा कापूस विकून झाल्यावर. पाडव्याला, ज्वारी घरात आल्यावर. तीन-तीन महिन्यांचे अंतर आपोआप पडते, आणि घरातल्या आजीलाही या तारखा कार्डाशिवाय लक्षात राहतात.